रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, पण कोणत्या बोअरचं? पाटोद्याहून आलेला प्रश्न

बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि डेटा संपलेल्यांसाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे'ची संख्या कमी केलीये.

या वेळी पाटोद्याहून एका मित्राचा व्हॉइस नोट आला. "भाऊ, मला नेमबाजी करायचीये, निव्वळ हौस म्हणून. पहिलं रिव्हॉल्व्हर .२२ चं घेऊ का .३२ चं?" प्रश्न भारी आहे. उत्तर मात्र दुकानापासून नाही, टार्गेटपासून सुरू होतं.

आधी बोअर म्हणजे काय ते बघू. नळीची आतली रुंदी म्हणजे बोअर. .२२ म्हणजे साधारण ५.६ मिमी. .३२ म्हणजे जवळपास ८ मिमी. .२२ ची गोळी हलकी, झटका कमी आणि आवाजही तुलनेनं कमी. झटका कमी असला की माणूस दचकत नाही, आणि दचकला नाही की नेम टिकतो. म्हणून जगभर शिकणाऱ्याच्या हातात आधी .२२ देतात. ऑलिम्पिकमधली महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धाही .२२ वरच होते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये याच प्रकारात सोनं जिंकलं.

मग .३२ वाईट का? तसं नाही. २५ मीटर सेंटर फायर नावाच्या प्रकारात .३२ चालतं, आणि चांगलं चालतं. पण तिथं वापरतात ते लांब नळीचं, बदलता येणाऱ्या साइटचं मॅच पिस्तूल. आपल्याकडे परवान्यावर जे छोट्या नळीचं .३२ रिव्हॉल्व्हर मिळतं, ते संरक्षणासाठी बनवलेलं असतं. बोअर एकच, पण काम वेगळं. शेतातली कुदळ आणि सोनाराची हातोडी, दोन्ही लोखंडाचीच ना?

आता थोडं गणित, घाबरू नका. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात १६ सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. माशी फक्त १ मिमी सरकली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ६२ मिमी बाजूला जाते. तेच अंतर ३२ सेंटीमीटर असेल, तर चूक निम्मी, म्हणजे ३१ मिमी. आता १० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ केवढं असतं? ११.५ मिमी. आपल्या शर्टाच्या बटणाएवढं! म्हणजे छोट्या नळीवर हौस भागवायला गेलात, तर काडतुसं संपतील आणि नेम तिथंच राहील.

दुसरी गोष्ट चापाची. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागं ओढून मग चाप दाबला, तर चाप हलका लागतो. तसाच थेट दाबला, तर चाप खूप जड लागतो आणि नळी हलते. एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाचं किमान वजन ५०० ग्रॅम असतं, २५ मीटर पिस्तुलात १ किलो. नेमबाजीत खरी कसोटी बोटाची आहे, बंदुकीच्या ताकदीची नाही.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. सुरुवात .१७७, म्हणजे ४.५ मिमीच्या एअर पिस्तुलानं करा. २० ज्यूलच्या आतल्या, ४.५ मिमीच्या एअरगनला परवाना लागत नाही. छर्रे स्वस्त आहेत, सराव भरपूर होतो. पण खेळणं समजू नका. छर्‍यानं डोळा जातो. चष्मा घाला, मागं भक्कम आडोसा ठेवा, नळी कायम टार्गेटकडे ठेवा. बोट चापावर शेवटच्या क्षणीच जाऊ द्या.

हात बसला की एखाद्या नेमबाजी क्लबात जा आणि क्लबच्या .२२ वर शिका. पुण्याच्या बालेवाडीत मोठी रेंज आहे. मग ठरवा, स्वतःचं शस्त्र हवंय का. हवं असेल, तर वय किमान २१, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, पोलिसांची पडताळणी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा रस्ता आहे. कुणी 'कागदाशिवाय मिळवून देतो' म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. विनापरवाना शस्त्र म्हणजे थेट तुरुंग.

हे एवढं का सांगतोय? कारण प्रश्न बीडचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि आपल्या जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. छाननी झाली, अनेक परवाने रद्दही झाले. कमरेला लावून रील काढायची, लग्नात हवेत बार काढायचा, याला हौस म्हणत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी खाली येते, आणि ती वर्‍हाडी बघून येत नाही.

आणि नाव मिळवायचंच असेल, तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे बघा. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य. आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर धावतच ऑलिम्पिकला पोचला. गाव छोटं असून चालतं, सराव छोटा असून चालत नाही.

तर पाटोद्याच्या दोस्ता, रिव्हॉल्व्हर थांबू शकतं. आधी एक कागदाचं टार्गेट आण. दहा छर्‍यांचा गट बटणाएवढा झाला, की मला फोटो पाठव. हातातल्या पिस्तुलाचा नको, कागदाचा पाठव.

भेटू पुढच्या एपिसोडला!