चार मायक्रॉनच्या कापात केवढं मावतं!

भारतात एका वर्षात तोंडाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण किती? जगभरच्या कॅन्सरची आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनचा २०२२चा आकडा आहे १,४३,७५९. नुसता वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही, म्हणून या सगळ्यांना आपण रेल्वेत बसवू. स्लीपरच्या डब्यात ७२ बर्थ, गाडीला २० डबे. गाड्या लागतात १००! वर्ध्याच्या फलाटापासून त्या एकीमागे एक उभ्या केल्या तर रांग नागपूरच्या वाटेवर निम्म्याहून पुढे जाईल. जगातल्या दर तीन रुग्णांपैकी एकाहून जास्त याच गाड्यांत! वर्ध्याला याचं कारण सांगायला नको. चौकाचौकात पानठेला, आणि ठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटला जाणारा खर्रा.

आता शंभर गाड्यांमधून उतरून एका काचेवर या. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. मायक्रोटोमवर त्याचे काप काढतात, कोमट पाण्यावर तरंगवतात आणि अलगद स्लाइडवर उचलतात. कापाची जाडी सुमारे ४ मायक्रॉन. म्हणजे १ मिलिमीटरात २५० काप! चार मिलिमीटरच्या तुकड्यातून हजार! आणि ही गाठ ज्याची, त्या माणसाचं पुढे काय होणार, हे असल्या कापातून ओळखायचं असतं.

इथे मिलिमीटरसुद्धा प्रचंड मोठा ठरतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असताना पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसीका ग्रंथीही काढल्या, तर तीन वर्षांनी शंभरातले ८० जिवंत होते. मानेत रोग दिसेपर्यंत थांबलं, तर ६७.५. अशा रुग्णांनी भरलेल्या एका गाडीत हा फरक १८० माणसांचा. अडीच डबे भरून जिवंत माणसं! आणि फायदा कोणाला दिसला? ज्यांची गाठ ३ मिलिमीटरहून खोल गेली होती त्यांना. तीन मिलिमीटर, ७५० काप.

अजून आत चला. एक घनसेंटिमीटरच्या गाठीत पेशी असतात १० कोटी ते १०० कोटी. एका पेशीपासून तिथवर पोचायला दुपटी लागतात २७ ते ३०, बस्स! खिशातला एक रुपया तीस वेळा दुप्पट करून पाहा, १०७ कोटी होतात. प्रत्येक पेशीत गुंडाळलेला डीएनए सुमारे २ मीटर. आपण कमीतला कमी आकडा धरू, १० कोटी पेशी. डीएनए झाला २ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर १,३३३ वेळा, आणि ते सगळं गालाच्या आतल्या एक घनसेंटिमीटरच्या गाठीत!

त्या धाग्यावर अक्षरं आहेत. माणसाच्या जनुकांचा एक पूर्ण संच म्हणजे सुमारे ३२० कोटी अक्षरं. एकेक अक्षर २ मिलिमीटरचं लिहिलं तर ओळ होईल ६,४०० किलोमीटरची. वर्धा ते मुंबई रेल्वेने साधारण ७६० किलोमीटर. चार वेळा जाऊन या, तरी भुसावळ गाठण्याइतकी ओळ शिल्लक राहते.

या ओळीत पी-५३ नावाच्या प्रथिनाची कृती आहे १,१८२ अक्षरांची. अडीच मीटरही नाही! बिघडलेल्या पेशीला थोपवणारं हे प्रथिन, आणि तोंडाच्या निम्म्याहून जास्त कॅन्सरमध्ये त्याचं जनुक मोडलेलं सापडतं. कित्येकदा चूक असते एका अक्षराची. ६,४०० किलोमीटरमध्ये २ मिलिमीटर!

निरोगी पेशीत पी-५३ तयार होतं आणि लगेच मोडीत निघतं. बिघडलेलं मात्र पुष्कळदा केंद्रकात साचत राहतं. ते हुडकणारी प्रतिपिंडं कापावर सोडून त्यांना रंग दिला की केंद्रकं तपकिरी होतात. केआय-६७ची खूण कोणत्या पेशी विभागत आहेत ते दाखवते, सीडी-१०५ची खूण गाठीने ओढून आणलेल्या नव्या रक्तवाहिन्या दाखवते. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या शरद पवार दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी या दोन्ही खुणांवर काम केलं आहे. एकट्या खुणेवरून कोणाचं भविष्य सांगता येत नाही. गाठीची खोली, मानेतल्या ग्रंथी आणि या खुणा एकत्र मांडाव्या लागतात, आणि मला तर हेच काम सगळ्यात थोर वाटतं. कारण विचार करा, वर्धा-मुंबईच्या आठ फेऱ्या आणि वर भुसावळ एवढ्या लांब मजकुरातली एका अक्षराची चूक, ४ मायक्रॉनच्या कापात, ४०० पट मोठं दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, माणसाच्या डोळ्यांना तपकिरी रंगात दिसते!