अंगावर काढलेलं दुखणं

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं धुराडं पेटलं, की कागल-भुदरगडच्या फडांत कोयते चालू लागतात. तोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कोल्हापूरकडे येणाऱ्या टोळ्यांत बीडची जोडपीही असतात. त्याच बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेला आकडा असा: पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यामागचा खाड्याचा (सुट्टीचा) दंड, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) यांवर बरंच बोललं गेलं. मला बोलायचंय ते नवऱ्याजवळ जाताना होणाऱ्या दुखण्याबद्दल.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं. योनीचं अस्तर जाड, ओलसर, लवचिक राहतं ते याच संप्रेरकामुळे. ते आटलं की अस्तर पातळ होतं, संबंधाच्या वेळी आग होते, चिरतंसुद्धा. पाळी गेलेल्या बाईला, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही हा कोरडेपणा जाणवू शकतो.

संप्रेरक ठीक असलं तरी ओलावा आपोआप येत नाही. मन रमलं की योनीच्या भिंतींत रक्त वाढतं आणि त्यातूनच तो पाझरतो. याला वेळ लागतो. तोडकऱ्यांच्या कोपीत (झोपडीत) शेजारी लेकरं निजलेली, पहाटे फडावर जायचं. तिथं वेळ कुठला? (बंगल्यांतही तो असतोच असं नाही.) एकदा दुखलं की पुढच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळतात, डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते तसे. म्हणून ‘सहन कर, सवय होईल’ हा सल्ला उलटा पडतो.

उपाय साधे आहेत. औषध दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं. खोबरेल लावलं तर निरोध फाटू शकतो. कोरडेपणा फार असेल, तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात. आवळलेल्या स्नायूंना सैल सोडण्याचे व्यायाम असतात. पांढरं जाणं, खाज असेल तर आधी जंतुसंसर्गाचा इलाज हवा, काही संसर्गांत नवऱ्याचाही. खोलवर दुखत असेल तर कारण आत, गर्भाशयाच्या आसपास असू शकतं.

पण हे दुखणं डॉक्टरपर्यंत पोचायला हवं ना! डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायका तपासल्या आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

संबंधानंतर रक्त गेलं, तर मात्र जेलवर भागवू नका. हंगाम संपायची वाट न बघता तपासून घ्या.