कंडक्टर शिवाजीची गोष्ट

बालमित्रांनो, बसमधल्या कंडक्टरकडे कधी नीट बघितलंय? गर्दीतून वाट काढायची, तिकिटं द्यायची, सुट्टे पैसे मोजायचे, वर घंटीही वाजवायची!

साधारण पन्नास वर्षांपूर्वी बंगलोरच्या सिटी बसमध्ये असाच एक तरुण कंडक्टर होता. त्याची तिकीट द्यायची ऐटच अशी, की प्रवासी बघत राहायचे. नाव शिवाजीराव गायकवाड. ओळखलंत? अहो, तोच पुढे झाला रजनीकांत!

रजनीकांतचा जन्म १२ डिसेंबर १९५० रोजी बंगलोरच्या एका मराठी कुटुंबात झाला. वडील रामोजीराव पोलीस शिपाई. चार भावंडांत हा शेंडेफळ. तो लहान असतानाच आई जिजाबाई वारली. पुढे शिवाजीने हमाली केली, सुतारकाम केलं आणि मग बसमध्ये नोकरी मिळाली. चला, पोटापाण्याची सोय झाली!

पण नाटकाचं वेड काही स्वस्थ बसू देईना. बसचे ड्रायव्हर होते राजबहादूर. त्यांनी या मित्राचा गुण हेरला. "तू सिनेमात जा," असा त्यांनी धोशाच लावला. मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायचं, तर पैसे कुठून आणायचे? राजबहादूर आपल्या पगारातून पैसे देऊ लागले. ड्रायव्हरचा पगार तो केवढा! तरीही दिले.

मद्रासला दिग्दर्शक के. बालचंदर यांची नजर शिवाजीवर पडली. ते म्हणाले, आधी तामीळ शीक. हा जिद्दीने शिकला. तामीळ सिनेमात शिवाजी गणेशन हे मोठे नट आधीच होते, म्हणून बालचंदरांनी त्याला नवं नाव दिलं, रजनीकांत. १९७५ साली 'अपूर्व रागंगळ' हा त्याचा पहिला चित्रपट आला. काम अगदी छोटं होतं. फाटक उघडून आत येणारा, दाढी वाढलेला एक माणूस. ते फाटक मात्र पुन्हा बंद झालं नाही!

२०२१ साली दिल्लीत रजनीकांतना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो त्यांनी कुणाला अर्पण केला? गुरू बालचंदर, थोरले भाऊ सत्यनारायणराव आणि ड्रायव्हर राजबहादूर यांना!

मुलांनो, तुमच्या वर्गातही कुणी छान नकला करतं, कुणी सुरेख चित्रं काढतं. त्याला तसं कधी सांगितलंय? उद्याच सांगा. आणि आईबाबा, तुम्हीही घरात जरा बघा बरं!