सातच्या शाळेआधीची रात्र
मुलांचं आरोग्य : भाग ६

एप्रिलमध्ये भंडारा जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत निवत नाही. कूलर घरघरत असतो, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत असतं, तरी तिसरीतलं पोर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतं. डोळा लागतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. सकाळी सहाला आई त्याला हलवून उठवते, कारण शाळा सातची. झोप झाली जेमतेम सात तास.

त्याला हवी होती किमान नऊ तास. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. वाढीचं संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या गाढ झोपेत स्रवतं. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होतं तेही झोपेतच.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सरकारी दखल घेतली गेली आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय निघाला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी नकोत. पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, उन्हाच्या तडाख्यामुळे प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ ठरली. दोन्ही निर्णय मुलांच्या भल्याचेच. पण विदर्भातलं ऊन पाहता उन्हाळ्यात सातची शाळा टळणार नाही, म्हणून रात्रच अलीकडे ओढावी लागेल.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेच्या रात्री पोरं सतरंजीवर पेंगत पहाटेपर्यंत दंडार हे लोकनाट्य पाहतात. वर्षातून एक-दोनदा असं जागरण झालं तर बिघडत नाही. नुकसान होतं ते रोज अकराला झोपण्याने.

सहाला उठायचं तर नऊला झोप लागायला हवी. त्यासाठी साडेसातला जेवणं, अंगणात किंवा गच्चीवर पाण्याचा सडा, मग अंथरूण. आठनंतर मोबाइल मोठ्यांनीही बाजूला ठेवावा. पडद्याच्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, आणि हातातली गोष्ट संपेपर्यंत मूल जागंच राहतं. शाळेतून आल्यावर जेवून तासभर झोप जरूर घेऊ द्यावी, मात्र तीनच्या आत उठवावं. पाचपर्यंत झोपलेलं मूल रात्री नऊला झोपत नाही.

मार्चमध्ये सकाळच्या शाळेचं वेळापत्रक लागतं. ते लागण्याआधी आठवडाभर रोज पंधरा मिनिटं लवकर अंथरूण घालायला सुरुवात करा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत झोपेचा विषय पालकांनी आवर्जून मांडा.