पुढचे टायर आणि मागचे टायर

मुंबई-पुण्याचा जुना रस्ता चौक, खालापूर करीत खोपोलीस येतो आणि तेथून बोरघाट चढू लागतो. 1830 साली हा घाटरस्ता खुला झाला. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला तरी जुन्या वाटेची रहदारी काही संपली नाही. त्या वाटेने अधूनमधून एखादी बुटकी, दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती मोटार जाताना दिसते, आणि मग आमच्या वर्गातील मुलांचे लक्ष पुस्तकात राहत नाही.

अशी एक एम.जी. मोटार आमच्या एका पालकांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे. तिला दोनच नवे टायर मिळाले. मिस्त्रीने ते पुढे बसविले. वळावयाचे पुढच्या चाकांनी, ब्रेकचा भारही पुढेच, तेव्हा चांगला माल पुढे हवा, असा त्याचा हिशेब. मागचे जुने टायर गोटा झालेले नव्हते, नक्षी चांगली दिसत होती. पुढे पावसाळ्यात घाट उतरत असता शिंग्रोबाच्या देवळाखालील एका वळणावर पालकांनी ब्रेकवर पाय ठेवला मात्र, गाडीची शेपटी फिरली आणि तोंड पुन्हा खंडाळ्याकडे झाले. प्रभूच्या कृपेने समोरून कोणी येत नव्हते. त्यांच्या मुलाने आम्हांस विचारले, “सर, नवे टायर असून गाडी फिरली कशी?”

उत्तर असे की, नवे टायर पुढे होते म्हणूनच ती फिरली. पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते; चालकास ते तत्काळ कळते, वेग कमी केला की ती बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची पकड आधी सुटली तर गाडी जात्यासारखी फिरते आणि तिला सावरणे निष्णात माणसासही कठीण जाते. त्यातून घाट उतरताना ब्रेक लावला की गाडीचे वजन पुढे झुकते व मागची चाके हलकी होतात. म्हणून दोनच नवे टायर असतील तर ते मागे बसवावे. गाडी कोणत्या चाकांनी ओढली जाते हा प्रश्न येथे गौण आहे.

टायरांची मापे निवडतानाही हेच सूत्र धरावे. आमच्या भातखाचरांतील ट्रॅक्टर पाहून मुलांची समजूत होते की, मागचे चाक मोठे असणे हेच बलाचे लक्षण. परंतु ट्रॅक्टरास चिखलात नांगर ओढावयाचा असतो. 1945 ते 1949 या काळातील एम.जी. टी.सी. गाडीस चारही चाकांवर 4.50-19 हे एकच माप होते, तिच्या मागून आलेल्या टी.डी.स चारही चाकांवर 5.50-15. इंजिन पुढे, माणसे मागच्या चाकांजवळ, त्यामुळे भार जवळपास सारखा विभागला जाई. इंजिनच मागच्या चाकांच्याही मागे असेल तर गोष्ट निराळी. 1973 च्या पोर्शे कॅरेरा आर.एस. गाडीस पुढे 185/70-15 व मागे 215/60-15 असे टायर दिलेले होते.

हे आकडे वाचणे इयत्ता सातवीच्या मुलास जमावे. 185 ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. 70 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा 70. 15 हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे 381 मि.मी. आता 185 चे शेकडा 70 म्हणजे 129.5, वर व खाली मिळून 259, त्यात 381 मिळविले की 640. मागच्या टायरचा हिशेब केला तर 129 दुणे 258 आणि 381 मिळून 639. रुंदीत 30 मि.मी.चा फरक, पण व्यासात फक्त एकाचा! पकड वाढविली, परंतु गाडीची बैठक बिघडू दिली नाही. ज्याने ही मापे ठरविली त्याचे आम्हांस कौतुक वाटते.

जुन्या मापांत शेकडेवारी नसे, कारण बाजूची उंची रुंदीइतकीच धरलेली असे. 5.50-15 चा व्यास या रीतीने सुमारे 26 इंच, म्हणजे 660 मि.मी. भरतो, आज 165/80-15 घेतल्यास 645 येतो, आणि तो चालण्यासारखा आहे. मागे फार उंच टायर घातला तर वेगमापकाचा काटाही फसवितो: व्यास शेकडा 5 वाढला की काटा 60 दाखवील तेव्हा गाडी 63 ने धावत असते. रुंदीचा हव्यासही धरू नये, टी.सी.चा रिम अवघा अडीच इंचांचा, त्यावर जाड टायर फुगून बसतो व वळणावर डगमगतो.

मिस्त्री ज्यांस ‘नायलॉन’ म्हणतात ते टायर आणि रेडिअल टायर एका ॲक्सलवर कधीही एकत्र बसवू नयेत. दोन्ही जातींचे वापरावेच लागले तर रेडिअल मागे असावेत.

राहिला प्रश्न त्या जुन्या टायरांचा. नक्षी शाबूत असून ते निसटले कसे? रबर वयाने कठीण होते व ओल्या रस्त्यास धरीत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आम्ही मुलास ते उतरवून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वही पुढे केली. दोन्ही टायरांवर 3109 होते, म्हणजे 2009 सालचा एकतिसावा आठवडा. स्टेपनीवर मात्र तीनच आकडे सापडले, असे तो म्हणाला, आणि आपलेच काही चुकले असावे असे त्यास वाटत होते. त्याचे चुकले नव्हते. तीन आकड्यांची रीत 2000 सालापूर्वीची; ती स्टेपनी गेल्या शतकातील होती.