पुडीतली कॉफी आणि लाल गोळी

मुरूडच्या एका वस्तीत रक्तवाढीची लाल गोळी कॉफीच्या घोटाबरोबर घेताना मी पाहिली. "पुडीची तर आहे, तिनं काय होतंय?"

भगिनींनो, पुडी म्हणजे आधीच काढून वाळवलेली कॉफीच. ब्राझीलमध्ये न विकलेल्या बियांचे ढीग पडले. त्यावर उपाय शोधता शोधता १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये 'नेसकॅफे' आली. भाजलेल्या बिया दळून गरम पाण्यात अर्क काढतात. तो गरम हवेत फवारला की पाणी उडतं, पूड उरते. बऱ्याच पुड्यांत चिकोरीचं भाजलेलं मूळही असतं, वेष्टन वाचा.

पाणी उडालं तरी कॉफीचा गुण जात नाही. ती लोह अंगी नीट लागू देत नाही, चहाही तसाच. म्हणून जेवण आणि गोळीच्या आगेमागे तासभर दोन्ही टाळा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या.