विश्लेषण : सकाळी उठताच डोळा सुजलेला, डॉक्टरांकडे कधी धावायचे?

रात्री झोपताना काही नव्हते. सकाळी आरशात पाहिले तर एक पापणी टम्म फुगलेली, डोळा अर्धा मिटलेला. घरात लगेच उपाय सुरू होतात. कोणी गुलाबपाणी आणते, कोणी मागच्या वर्षी डोळे आले होते तेव्हाची थेंबांची बाटली शोधून काढते. बहुतेक वेळा ही सूज दोन-चार दिवसांत उतरते. मात्र काही मोजक्या रुग्णांत ती दृष्टी जाण्याची, क्वचित जिवावर बेतण्याची पहिली खूण असते. हा फरक बऱ्याच अंशी घरीच ओळखता येतो.

पापणीच एवढी का सुजते?

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. तिच्याखाली चरबी जवळपास नसते आणि ऊती सैल असतात. त्यामुळे थोडासा द्रव साचला तरी पापणी फुगते. कपाळावर गांधीलमाशी डसली तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे सुजलेले दिसू शकतात, कारण सूज खाली उतरते. म्हणूनच सूज किती मोठी आहे यावरून आजार किती गंभीर ते ठरत नाही. डासाच्या चाव्याने डोळा पूर्ण मिटू शकतो, तर धोकादायक संसर्गाची सुरुवात त्याहून लहान सुजेने होऊ शकते.

खाज आहे की दुखते आहे?

हा पहिला प्रश्न. खाज, पाणी आणि शिंका असतील तर बहुधा ॲलर्जी. नवे काजळ, केसांचा कलप, गाजरगवत यांमुळे पापण्या सुजणे आपल्याकडे नेहमीचे. कलप डोक्याला लावला तरी प्रतिक्रिया पापणीवर उमटते. डोळा चोळू नये, थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि कारण ठरलेली वस्तू बंद करावी.

पापणीच्या कडेला एकाच जागी ठणकणारी पुळी असेल तर ती रांजणवाडी. येथे शेक गरम हवा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. ती फोडू नये. लसूण किंवा चुना लावण्याचे उपाय तर डोळ्याच्या जवळही नकोत. एक-दोन आठवड्यांत ती बसली नाही तर दाखवावे.

दोन्ही डोळे लाल, चिकट आणि घरात आणखी कोणाला तसेच झालेले असेल तर डोळे आलेले असण्याची शक्यता अधिक. टॉवेल वेगळा ठेवावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मात्र ‘डोळे आले असतील’ म्हणून थांबू नये. लेन्स काढून त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण त्यांच्यात बुबुळावरील जखमेचा धोका असतो.

धोका कुठे आहे?

डोळ्याच्या खोबणीत. नाकाच्या बाजूची पोकळी म्हणजे सायनस आणि डोळा यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते. सर्दी किंवा सायनसचा जंतुसंसर्ग तेथून डोळ्यामागे उतरतो. लहान मुलांत हे अधिक दिसते. पापणीपुरता संसर्ग आणि खोबणीतला संसर्ग बाहेरून सारखेच दिसू शकतात. ओळखण्यासाठी सूज थोपटत बसण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. चांगला डोळा झाकून सुजलेल्या डोळ्याने मोबाइलवरची अक्षरे नेहमीसारखी वाचता येतात का? पापणी स्वच्छ बोटाने हलकेच उचलली तर डोळा चारही दिशांना फिरतो का, आणि फिरवताना दुखतो का? बुबुळ दुसऱ्या डोळ्यापेक्षा पुढे आल्यासारखे वाटते का?

यांतले काहीही बिघडले असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा सुजेसोबत ताप, उलट्या, तीव्र डोकेदुखी असेल, तर उद्याची वाट पाहू नये. थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तेथे स्कॅन आणि शिरेतून प्रतिजैविके लागू शकतात. तान्ह्या बाळाची पापणी सुजून पू येत असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

मधुमेहींनी अधिकच सावध राहावे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा अनुभव घेतला. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव आणि डोळ्याभोवती सूज, असे त्याचे रूप होते. हा आजार तेव्हाही नवा नव्हता आणि आजही संपलेला नाही.

ओठ आणि जीभही सुजली तर?

मग प्रश्न डोळ्याचा नसून श्वासाचा आहे. आवाज घोगरा होणे, धाप, अंगावर गांधी, चक्कर, यांपैकी काही दिसताच १०८ ला फोन करावा. वेदनाशामक गोळीनंतर असे होऊ शकते. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या औषधांनी तर कित्येक महिने सुरळीत घेतल्यावरही, खाज नसलेली सूज येऊ शकते. सोबत गोळ्यांचे पाकीट न्यावे.

न दुखणारी सूज

सर्वांत सहज निसटते ती ही. मूल सकाळी उठते तेव्हा दोन्ही डोळे फुगलेले, दुपारपर्यंत बरे, संध्याकाळी पायांवर सूज. खाज नाही, लाली नाही. ‘ॲलर्जी असेल’ म्हणून आठवडा जातो आणि दोष मूत्रपिंडात निघतो. लघवीला फेस येतो का, लघवी कमी झाली का, हे पाहावे. लघवीतील प्रथिनांची साधी, स्वस्त तपासणी बरेच सांगून जाते. मोठ्यांत थायरॉइडमुळेही पापण्या सुजतात, पण सहसा हळूहळू.

ती जुनी बाटली

मागच्या वेळची थेंबांची बाटली डोळ्यात घालू नये. ती स्टिरॉइडची असेल तर नागिणीसारखा विषाणू किंवा बुरशी आणखी फोफावते, आणि दीर्घ वापराने काचबिंदू होऊ शकतो. उघडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर टाकूनच द्यावी.

अपवाद एकच, जिथे डॉक्टरांआधी घरचा उपाय हवा : तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी मुलाच्या डोळ्यात फुटली तर. चुना बुबुळ जाळत जातो. नळाच्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा, पापणी उलटून अडकलेले कण काढावेत आणि मगच रुग्णालयाचा रस्ता धरावा.